ट्रान्समिशन ऑइल कूलर किट: कूलर पास, सोबतचा पाइप नापास

सातारा, वाई, महाबळेश्वर या पट्ट्यात ऑटोमॅटिक डिझेल एसयूव्ही भराभर वाढल्या आणि घाटात गिअरबॉक्स तापल्याच्या तक्रारीही वाढल्या. त्यावर उपाय म्हणून जे युनिव्हर्सल ऑइल कूलर किट घेतलं जातं, त्याचा हा रिव्ह्यू. किटमध्ये साधारण ११ इंच बाय साडेसात इंच मापाचा, दीड इंच जाडीचा ॲल्युमिनियमचा स्टॅक्ड प्लेट कूलर येतो. सोबत दोन बार्ब निपल (होज चढवायच्या तोट्या), दीडेक मीटर रबरी होज, चार वर्म क्लॅम्प (स्क्रूने आवळायच्या पट्ट्या) आणि रेडिएटरपुढच्या एसी कंडेन्सरच्या जाळीतून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या काड्या. निकाल आधीच सांगतो: कूलर घ्यावा असाच आहे. होज, क्लॅम्प आणि त्या काड्या मात्र डब्यातच राहू द्या. बाहेरून बसवलेल्या कूलरच्या नावाने जी बोंब ऐकू येते, म्हणजे गळती, एसीचा गॅस जाणं, गिअर उशिरा पडणं, ती जवळपास सगळी जोडणीमुळे असते. कूलर बिचारा त्यात क्वचितच दोषी निघतो.

पैसे खर्च करण्याआधी आपल्या गाडीला हा लागू आहे का ते बघा. आपल्याकडे क्लचचं पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात, आणि गफलत इथूनच सुरू होते. एएमटी हा आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर करतो. त्यात फिरतं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) नाही, कूलरची लाइन नाही, त्यामुळे हे किट जोडायला जागाच नाही. ड्राय क्लचच्या डीसीटीमध्ये, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये, घाटात तापतो तो कोरडा क्लच. ऑइल थंड करून त्याला काही फरक पडत नाही. सीव्हीटीचं, म्हणजे पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या गिअरबॉक्सचं, ऑइल आणि त्याचं कूलिंग कंपनीने ठरवून दिलेलं असतं, तिथे मनाने प्रयोग करू नयेत. हे किट टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्ससाठी आहे: फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा, एंडेव्हर, एक्सयूव्ही५००, स्कॉर्पिओ-एन, थार, व्ही-क्रॉस यांची ऑटोमॅटिक मॉडेल्स.

त्यातही चार माणसं घेऊन सातारा-पुणे हायवे करणाऱ्याला याची गरज नाही. कंपनीचा कूलर त्यासाठी पुरेसा असतो. गरज पडते ती सात माणसं आणि वर कॅरिअर भरून पसरणी, केळघर, आंबेनळी किंवा कुंभार्ली वारंवार चढणाऱ्याला, ट्रेलर ओढणाऱ्याला, आणि मोठे जड टायर घातलेल्या गाडीला. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीमागे चढावर रखडणं आणि कास फुललं की यवतेश्वर घाटात लागणारी रांग, ही दोन्ही गिअरबॉक्सची खरी परीक्षा आहे.

कारण समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे होतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात पक्का जोड नसतो, ताकद ऑइलमधून पुढे जाते. सपाट रस्त्यावर वेग धरला की लॉक-अप क्लच लागतो, सरक थांबते आणि उष्णताही थांबते. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी पंधरा-वीसच्या वेगाने रांगताना लॉक-अप सुटलेलं असतं. इंजिनने दिलेली ताकद आणि चाकांपर्यंत पोचलेली ताकद यांतला फरक ऑइलमध्ये उष्णता होऊन साठतो. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी १३०० मीटरच्या आसपास. हा सगळा चढ दहा-बारा किलोमीटरमध्ये उरकतो. पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वरला येताना तर चढ जवळपास दुप्पट भरतो.

एटीएफ ८० ते ९५ अंशांना सुखात असतं. ११५-१२० च्या पुढे ते झपाट्याने जळायला लागतं. ढोबळ हिशेब असा की दर १० अंशांमागे त्याचं आयुष्य निम्मं होतं. त्यापुढे व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइलच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या भागात, चिकट वार्निश धरतं, सील कडक होतात, १४० पार केलं की क्लच प्लेट सरकायला लागतात. कंपनीचा कूलर बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच असतो किंवा गिअरबॉक्सला चिकटलेला, कूलंटवर चालणारा हीट एक्स्चेंजर असतो. कूलंट स्वतःच ९० अंशांच्या घरात असताना तो ऑइलला त्याखाली नेऊ शकत नाही. बाहेरच्या कूलरला मात्र मे महिन्यातही ४० अंशांची हवा मिळते. फरक पडतो तो इथे.

कूलरचे तीन प्रकार मिळतात. ट्यूब अँड फिन, म्हणजे नागमोडी नळी आणि तिच्यावर पत्र्याच्या फिन, हा सर्वांत स्वस्त आणि त्याच मापात सर्वांत दुबळा. प्लेट अँड फिन त्यापेक्षा बरा. स्टॅक्ड प्लेटमध्ये पातळ प्लेट एकावर एक रचून ब्रेझ केलेल्या (झाळून जोडलेल्या) असतात, ऑइल एकाच वेळी सगळ्या प्लेटमध्ये वाटलं जातं, त्यामुळे थंडही जास्त होतं आणि दाबही कमी घटतो. याचा आणखी एक गुण आहे. ऑइल थंड आणि घट्ट असताना ते कमी अडथळ्याच्या वाटेने निघून जातं, गरम होऊन पातळ झालं की प्लेटभर पसरतं. हेडन, बी अँड एम, डेराले, ट्रू-कूल, सेट्रॅब, मोकल ही या धंद्यातली जुनी नावं. बिनब्रँडचा स्टॅक्ड प्लेट कूलरही चालतो, पण घेताना तीन गोष्टी तपासा. फिन सरळ आहेत का. प्लेटच्या कडेला ब्रेझिंग सलग आहे का. निपलचे आटे साफ आहेत का. शक्य असेल तर कूलर पाण्यात बुडवून सायकलच्या पंपाने दोन-तीन बार हवा भरून बघा. बुडबुडा आला तर परत करा. आतून शेव, म्हणजे ॲल्युमिनियमचा कीस, बऱ्याच नव्या कूलरमध्ये राहिलेला असतो. बसवण्याआधी स्वच्छ एटीएफने खळखळून धुवा आणि ते ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून बघा. चकाकी दिसेनाशी होईपर्यंत धुवा.

आता नापास झालेला होज. त्यावर ११/३२ असं छापलेलं असतं, म्हणजे आतला व्यास ८.७ मिमी. ५/१६ इंचाच्या म्हणजे ७.९ मिमीच्या पाइपवरही तो चढावा आणि ३/८ इंचाच्या म्हणजे ९.५ मिमीच्या निपलवरही चढावा, म्हणून काढलेला हा मधला तोडगा आहे. निपलवर तो ओढूनताणून बसतो. गाडीचा पाइप ८ मिमीचा असेल तर त्यावर मात्र पाऊण मिलिमीटर ढिला राहतो. ही ढील वर्म क्लॅम्प आवळून भरून काढायला गेलं की होजच्या आतल्या बाजूला एक बारीक चुणी पडते. बाहेरून सगळं घट्ट दिसतं, गॅरेजमध्ये आयडलला थेंबही पडत नाही. घाटात ऑइल १०० अंशांपुढे गेलं, रबर मऊ पडलं की त्या चुणीतून ऑइल पाझरायला लागतं आणि पंख्याच्या हवेने सगळ्या इंजिनखाली पसरतं. म्हणून आधी गाडीचा पाइप व्हर्निअरने मोजा. ८ मिमी निघाला तर त्या टोकाला ८ मिमीचा होज आणि कूलरच्या टोकाला ९.५ मिमीचा होज घ्या, मध्ये ८ ते १० मिमीचा पितळी किंवा स्टीलचा पायरीवाला जॉइनर घाला. एक जोड वाढला तरी तो या चुणीपेक्षा शतपटीने बरा.

होजवर एसएई जे१५३२ हा आकडा असलाच पाहिजे. ट्रान्समिशन ऑइल कूलरच्या होजचं ते मानक आहे. हीटरचा किंवा कूलंटचा होज ऑइलमध्ये फुगतो आणि काही महिन्यांत निपलवरून निसटतो. डिझेलचा साधा पाइप गरम एटीएफने कडक होऊन तडकतो. दुकानदार ‘ऑइलचाच आहे’ म्हणाला तरी छापील आकडा बघितल्याशिवाय घेऊ नका.

आपल्या भागात एक चांगला पर्याय आहे. जेसीबी, ऊस तोडणी यंत्रं आणि ट्रॅक्टरमुळे सातारा, कराड, कुपवाड, मिरज इथल्या एमआयडीसीच्या आसपास हायड्रॉलिक होज तयार करून देणारी दुकानं आहेत. तिथे मापाचा होज कापून दोन्ही टोकांना फिटिंग मशीनवर प्रेस करून मिळतं. क्लॅम्पचा प्रश्नच उरत नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नेहमीचा एका वायर ब्रेडचा १००आर१ होज सतत वापरासाठी १०० अंशांपर्यंतच असतो. त्यामुळे तो कंपनीच्या कूलरनंतरच्या, म्हणजे तुलनेने थंड असलेल्या रिटर्न लाइनवरच वापरा, किंवा जास्त तापमानाचा होज मागून घ्या. दोन, होज कापताना आत रबराची आणि तारेची भुकटी पडते. प्रेस करण्याआधी हवेने साफ करायला लावा आणि घरी एटीएफने पुन्हा धुवा. ती भुकटी गिअरबॉक्सच्या सोलेनॉइडमध्ये (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) गेली तर कूलरची सगळी बचत एका दिवसात संपते.

क्लॅम्प बदलायचेत ते असे: वर्म क्लॅम्पच्या पट्टीला खाचा असतात, त्या रबर कापतात. त्याऐवजी फ्युएल इंजेक्शनचे, दोन्ही कडा वर वळलेले आणि गुळगुळीत पट्टीचे क्लॅम्प घ्या. होज निपलवर निदान २५ मिमी आत गेला पाहिजे, आणि क्लॅम्प निपलच्या फुगवट्याच्या मागे बसला पाहिजे, फुगवट्यावर नव्हे. होज क्लॅम्पच्या बाजूने फुगून बाहेर येईपर्यंत आवळू नका.

बसवणीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणजे कोणती लाइन तोडायची. नियम साधा आहे: गिअरबॉक्समधून निघालेलं गरम ऑइल आधी कंपनीच्या कूलरमध्ये, तिथून बाहेरच्या कूलरमध्ये, मग परत गिअरबॉक्समध्ये. कंपनीचा कूलर बायपास करू नका. थंडीत तोच ऑइल लवकर गरम करतो, आणि घाटातल्या कोंडीत गाडी उभी असताना समोरून हवा येत नाही तेव्हा कूलंटच थोडीफार उष्णता ओढतं. रिटर्न लाइन ओळखायला सकाळी गाडी पूर्ण थंड असताना इंजिन चालू करा आणि दोन्ही पाइपांवर हात ठेवा. आधी गरम होतो तो गिअरबॉक्समधून निघणारा पाइप, दुसरा रिटर्नचा. इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजायचं असेल तर चकचकीत धातूवर रीडिंग चुकीचं येतं, तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मोजा. तरीही शंका राहिली तर सर्व्हिस मॅन्युअल बघा. अंदाजाने पाइप कापू नका. काही गाड्यांत लाइनवर थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह असतो आणि ऑइल तापेपर्यंत कूलरकडे जातच नाही. तिथे हाताची परीक्षा फसते, त्यामुळे गाडी चालवून गरम झाल्यावर मोजावं.

पाइप कापायचा की नाही? शक्यतो कापू नये. रिटर्न लाइनवर कंपनीने स्टीलच्या पाइपला जिथे रबरी होज जोडलेला असतो, तिथेच होज काढून नवे होज जोडता येतात. वॉरंटीत असलेल्या गाडीला तर हाच मार्ग, कारण कापलेला पाइप बघून वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता मोठी. कापावाच लागला तर ट्यूब कटरने कापा. हॅक्सॉने कापलेल्या पाइपचा लोखंडी कीस थेट गिअरबॉक्समध्ये जातो. कापलेलं टोक सरळ राहिलं तर होज दाबाने निसटतो, म्हणून फ्लेअरिंग टूलने टोकाला फुगवटा काढा. डबल फ्लेअरची पहिली पायरी करून थांबलं की तो मिळतो. ‘दोन क्लॅम्प लावले, निसटणार नाही’ हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. ते मान्य करू नका. गुळगुळीत पाइपवर चार क्लॅम्प लावले तरी फुगवट्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

कूलर एसी कंडेन्सरच्या पुढे बसतो. बंपर आणि ग्रिल उतरवावी लागते. प्लास्टिकच्या क्लिप हमखास तुटतात, डझनभर जवळ ठेवा. आधी इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) कुठे आहे ते बघा. तो पुढे असेल तर त्याच्यासमोर ऑइल कूलर अजिबात आणू नका, इंजिनची हवा गरम होईल. कंडेन्सरचाही तिसऱ्या भागापेक्षा जास्त भाग झाकू नका, नाहीतर मे महिन्यात एसी कमी पडल्याची तक्रार तुम्हीच कराल. दोघांमध्ये १५ ते २० मिमी अंतर ठेवा आणि कडेने फोमची पट्टी लावा, म्हणजे हवा बगल देऊन जाणार नाही.

किटमधल्या प्लास्टिकच्या काड्यांबद्दल माझं मत कडक आहे. कंडेन्सरच्या फिनमधून काडी आरपार घालून कूलर लटकवला की तो खड्ड्याखड्ड्यावर कंडेन्सरवर घासतो. कंडेन्सरची ॲल्युमिनियमची नळी अगदी पातळ असते. एक पावसाळा, एक-दोन हजार किलोमीटर खराब रस्ता, आणि एसीचा गॅस गेला. त्याऐवजी ३ मिमी जाडीच्या, २० ते २५ मिमी रुंद स्टीलच्या पट्ट्या वाकवून रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या क्रॉस मेंबरला नटबोल्टने बांधा, आणि कूलरच्या कानांत रबरी बुश घाला. पट्टी गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या. महाबळेश्वरच्या पावसात साधी पट्टी एका मोसमात गंजते.

निपल डाव्या-उजव्या बाजूला येतील असा कूलर बसवला तर ऑइल खालच्या निपलातून आत आणि वरच्यातून बाहेर घ्या, हवा आपोआप निघून जाते. निपल वर ठेवले तरी चालतात. खाली ठेवले तर कूलरच्या वरच्या भागात हवा अडकते. निपल आवळताना दोन पाने वापरा, एक कूलरच्या षटकोनावर धरायला आणि दुसरा निपल फिरवायला. एकाच पान्याने जोर लावला तर ॲल्युमिनियमची मान मुळाशी तडकते, आणि तो तडा बरेचदा गरम झाल्यावरच दिसतो. आटे एनपीटीचे (निमुळते) असतील तर द्रव सीलंट वापरा. फ्लेअर किंवा एएन फिटिंगला (टोकाच्या उतारावर घट्ट बसणाऱ्या) काहीही लावायचं नसतं. टेफ्लॉन टेप कुठेच नको, तिचे तुकडे सुटून व्हॉल्व्ह बॉडीत अडकतात.

होज नेताना एक्झॉस्ट, पंखा, बेल्ट यांपासून दूर न्या. पत्र्यातून जातो तिथे रबरी ग्रोमेट आणि होजवर स्पायरल गार्ड हवाच. वळणाची त्रिज्या १०० मिमीपेक्षा कमी नको. गावाकडे गोठ्यात, शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे होज उंदीर कुरतडतात. अशा गाडीला स्टील ब्रेडचा होज घ्यावा.

ऑइलचा हिशेब. ९.५ मिमीच्या होजमध्ये दर मीटरला ७० मिलि मावतं. दोन मीटर होज, कूलर आणि बसवताना सांडलेलं मिळून अर्धा ते पाऊण लिटर वाढीव लागतं. हाताशी दोन लिटर ठेवा. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच: टोयोटाच्या सहा गिअरच्या बॉक्सला डब्ल्यूएस, एंडेव्हरच्या सहा गिअरच्या बॉक्सला मरकॉन एलव्ही आणि दहा गिअरच्या बॉक्सला मरकॉन यूएलव्ही. ‘सगळ्याला चालतं’ असं लिहिलेलं ऑइल महागड्या गिअरबॉक्समध्ये ओतू नका.

लेव्हल ही दुसरी जागा जिथे काम फसतं. आजच्या बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते, ओव्हरफ्लो प्लग असतो, आणि लेव्हल ठरावीक तापमानालाच बघायची असते. बऱ्याच ऐसिन गिअरबॉक्समध्ये ते ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतं. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. गाडी चारही बाजूंनी समतल, लिफ्टवर किंवा चार घोड्यांवर (स्टँडवर). प्लग उघडायच्या आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा, नाहीतर ऑइल काढून बसाल आणि भरता येणार नाही. इंजिन चालू, ब्रेक दाबून पी, आर, एन, डी प्रत्येकात चार-पाच सेकंद, म्हणजे ऑइल नव्या कूलरमध्ये भरतं. मग स्कॅनरवर तापमान बघत प्लग उघडा. बारीक धार किंवा थेंब-थेंब आलं की लेव्हल बरोबर. काहीच आलं नाही तर थोडं भरा. गरम गिअरबॉक्सवर लेव्हल बघितली तर ऑइल प्रसरण पावलेलं असतं, जास्तीचं निघून जातं आणि थंड झाल्यावर लेव्हल कमी पडते. मग सकाळी डी टाकल्यावर गाडी दोन सेकंदांनी हलते आणि दोष कूलरला जातो. जास्त भरलं तर ऑइलला फेस येतो आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या नळीतून) बाहेर पडतं.

दहा मिनिटं आयडल, खाली कोरडा पुठ्ठा. मग पंधरा-वीस किलोमीटर चालवून पुन्हा तपासणी. साताऱ्यातून यवतेश्वरचा चढ त्यासाठी सोयीचा. थंड झाल्यावर क्लॅम्पला पुन्हा एकदा पाना लावा, रबर पहिल्या तापण्यात बसतं.

परिणाम? पूर्ण भरलेली गाडी, उन्हाळा, एसी चालू, अशा स्थितीत नीट बसवलेल्या कूलरमुळे घाटमाथ्यावर ऑइलचं तापमान साधारण १० ते २० अंशांनी कमी राहतं. माथ्यावर पोचल्यावर ते खालीही लवकर उतरतं. चालत्या गाडीत हा फायदा पक्का आहे. पाचगणीच्या अलीकडे सुट्टीच्या दिवशी लागणाऱ्या कोंडीत मात्र तो घटतो, कारण हवा फक्त रेडिएटरच्या पंख्याची असते. त्यामुळे पंखा दणकट नसेल, त्याची व्हिस्कस कपलिंग सरकत असेल, तर आधी ते दुरुस्त करा. कूलर असला तरी चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका. ब्रेकवर थांबा, पुढे जागा झाली की मॅन्युअल मोडमध्ये पहिल्या गिअरने निघा.

तापमान बघायला ओबीडी डोंगल (गाडीच्या निदान सॉकेटला लावायचं यंत्र) आणि मोबाइल ॲप पुरतं, पण एटीएफच्या तापमानाचा पीआयडी, म्हणजे ॲपमध्ये घालायचा कोड, प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तो घातला नाही तर ॲप कूलंटचा आकडा दाखवतं आणि लोक त्यालाच गिअरबॉक्सचं तापमान समजतात. बसवण्याच्या आधीचं आणि नंतरचं रीडिंग त्याच घाटात, तेवढ्याच वजनावर घ्या.

थंडीची भीती अनेक जण घालतात. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकडे हिवाळ्यात पारा फार खाली जातो, आणि ऑइल ६०-६५ अंशांच्या खाली राहिलं तर अनेक गाड्या लॉक-अप देतच नाहीत, ॲव्हरेज घटतं. साताऱ्यात, कराडात किंवा सांगलीत वापरणाऱ्याला कंपनीचा कूलर साखळीत ठेवला की पुरतं. महाबळेश्वर-पाचगणीला राहणाऱ्याने ८० अंशांच्या आसपास उघडणारा इनलाइन थर्मोस्टॅट घालावा. बंद असतानाही थोडं ऑइल कूलरमधून जाऊ देणारा मॉडेल घ्या, नाहीतर हवा आत अडकून राहते.

काही गाड्यांना कूलर बसवणं म्हणजे चुकीच्या आजारावर औषध. ऑइल काढल्यावर ते महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी शेकसारखं गुलाबी दुधाळ निघालं, तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट ऑइलमध्ये मिसळलंय. कूलंटमधलं ग्लायकॉल क्लच प्लेटच्या लायनिंगचा चिकटा सोडवतं. तिथे आधी रेडिएटर बदला, गिअरबॉक्स फ्लश करून क्लचची स्थिती बघा, मग बाकीचं. आणि ऑइल काळं, जळक्या वासाचं, तळाशी चुरा असलेलं निघालं तर क्लच आधीच गेलेत. नवा कूलर त्यांना परत आणणार नाही. अशा गाडीतला जुना स्टॅक्ड प्लेट कूलर दुसऱ्या गाडीला लावू नका, प्लेटमध्ये अडकलेला चुरा फ्लशिंगने पूर्ण निघत नाही.

काम कुठे करावं याबद्दल: अधिकृत सर्व्हिस सेंटर सहसा हात लावत नाही. रेडिएटरवाल्याकडे पट्ट्या वाकवण्याचं काम छान होतं, पण ऑइल लेव्हलचं तापमान बघायला स्कॅनर नसतो. चांगला मार्ग म्हणजे होज हायड्रॉलिकवाल्याकडून करून घेणं आणि बसवणी स्कॅनर, लिफ्ट आणि ट्यूब कटर असलेल्या गॅरेजमध्ये करणं. पूर्ण कामाला चार ते सहा तास लागतात. ‘दीड तासात करून देतो’ म्हणणाऱ्याकडे लेव्हल कशी बघणार ते विचारा. उत्तरात तापमानाचा आकडा आला नाही तर गाडी देऊ नका.

रिटर्न लाइनवर, कूलर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये, चुंबकवाला इनलाइन फिल्टर जोडता आला तर जरूर जोडा. बाणाची दिशा गिअरबॉक्सकडे. पहिला फिल्टर हजार किलोमीटरच्या आत बदला, त्यानंतर प्रत्येक ऑइल बदलासोबत. वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, कूलरच्या मागच्या बाजूने हलक्या धारेने पाणी मारून चिखल, किडे आणि पाचटाचे तुकडे काढा. प्रेशर वॉशरचा फवारा थेट मारला तर फिन आडव्या होतात. होजवर बसवल्याची तारीख पांढऱ्या पेंट मार्करने लिहून ठेवा. चार-पाच वर्षांनी, किंवा त्याआधी रबरावर केसासारख्या चिरा दिसल्या की, दोन्ही होज क्लॅम्पसकट बदला.